कोण वाचतंय, याची नोंद

केंद्रात एका बाईंनी मला विचारलं, "ताई, पोटगीची बातमी चोरून वाचली, ह्यांना कसं कळलं?" घरात मोबाईल एकच. दुसऱ्या दिवशी त्यावर घटस्फोटाच्या सल्ल्याच्या जाहिराती झळकल्या.

छोट्या बातम्यांच्या वेबसाइटकडेही वाचकाचा आयपी पत्ता, वेळ, उघडलेलं पान आपोआप नोंदलं जातं. ती नोंद तिला कायद्याने ठरलेल्या मुदतीनंतर पुसता येते. पण तिथल्या जाहिरात कंपनीची 'कुकी' मोबाईलमध्ये बसून पुढेही माग काढते. पैशांची चणचण मला कळते. तरी हिंसाचाराच्या बातम्यांवर त्या जाहिराती नकोत.

२०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला. घरात त्याला कोण विचारतो? वाचलेल्या पानांची यादी मोबाईलमध्येही राहते. ती पुसायला आम्ही पहिल्याच भेटीत शिकवतो. तेवढीच ओळ पुसायची, सगळी पुसली तर संशय येतो.