खोली सजविण्यापूर्वी

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीच्या मुलामुलींना पुढे काय करणार असे विचारले की हल्ली 'इंटीरिअर डिझायनर' हे उत्तर वरचेवर ऐकू येते. त्यात मुली अधिक. हेच उत्तर घरी दिले की वडील विचारतात, "म्हणजे पडदे लावायचे ना? त्यासाठी एवढी वर्षे फी कशाला भरायची?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फीचा पैसा घामाचा असतो; आखातातून आलेला असला तरी घामाचाच असतो. म्हणून आज मी या धंद्यातल्या एका बाईंची हकीकत तुमच्यापुढे ठेवणार आहे. पडदे आणि रंग यांच्या आधी या कामात काय काय येते, हे त्यांच्याइतके स्पष्ट करून दाखविणारे लोक थोडे.

या बाईंचे नाव फ्लॉरेन्स नोल. जन्म १९१७ सालचा, अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावचा. ती पाच वर्षांची असताना वडील वारले, बारा वर्षांची असताना आईही गेली. मात्र ही गरिबीतून वर आल्याची गोष्ट आहे असे समजू नका. घरी बऱ्यापैकी पैसा होता, आणि पालक म्हणून नेमलेला गृहस्थ समंजस होता. निवासी शाळा कोणती हवी ते त्याने मुलीलाच निवडू दिले. तिने क्रॅनब्रुक येथील किंग्जवूड ही मुलींची शाळा पसंत केली. ती इमारत एलिएल सारिनेन या फिनलंडच्या नामवंत वास्तुशिल्पकाराने बांधलेली होती. शाळेतल्या कलाशिक्षिकेने या पोरीचा कल ओळखला आणि तिच्याकडून एका संपूर्ण घराचा आराखडा करून घेतला, बाहेरची बाजू आणि आतली बाजू दोन्ही मिळून. माझ्यासारख्या शिक्षकाला या जागी थोडे थांबावेसे वाटते. परीक्षेला नसलेले एवढे मोठे काम मुलीला देण्याची त्या शिक्षिकेला काहीच गरज नव्हती. पुढे सारिनेन कुटुंबाने या पोरक्या मुलीला घरच्यासारखेच वागविले.

त्यानंतरचे शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडनची वास्तुशास्त्राची शाळा. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि परत यावे लागले. काही काळ ग्रोपियस आणि ब्रॉयर यांच्या हाताखाली उमेदवारी केली. शेवटी शिकागोला मीस व्हॅन डर रोहे या कडक शिस्तीच्या गुरूकडे शिकून १९४१ मध्ये पदवी मिळाली. नंतर न्यूयॉर्कमध्ये वास्तुशिल्पकारांच्या एका कचेरीत नोकरी लागली. तिथे काय झाले पाहा. इमारतींचे आराखडे करण्याइतके शिक्षण झालेले असूनही, आलेली अंतर्भागाची कामे या बाईंकडे दिली गेली. कारण एवढेच की त्या बाई होत्या.

दुय्यम म्हणून हाती आलेल्या या कामाचेच त्यांनी पुढे शास्त्र केले. हॅन्स नोल नावाच्या जर्मन तरुणाने न्यूयॉर्कला फर्निचरची कंपनी काढली होती. १९४३ मध्ये त्या तिथे रुजू झाल्या, १९४६ मध्ये दोघांचे लग्न झाले. कंपनीत बाईंनी 'प्लॅनिंग युनिट' नावाचा एक छोटा विभाग उभारला. एखाद्या कंपनीची कचेरी सजविण्याचे काम आले की या विभागाची माणसे आधी त्या कचेरीत जाऊन चौकशी करीत. साहेबापासून कारकुनापर्यंत कोण काय काम करतो, कोणाला कोणाशी सारखे बोलावे लागते, कोणते कागद रोज लागतात आणि कोणते वर्षातून एकदा, हे सारे टिपून घेत. मग आराखडा. रंग आणि कापड त्याच्याही नंतर.

एक उदाहरण देतो. त्या काळी तिकडे मोठ्या साहेबाचे अवजड टेबल खोलीच्या कोपऱ्यात तिरके ठेवण्याची पद्धत होती. रुबाब दिसे, पण जागा वाया जाई. बाईंनी विचार केला की साहेब टेबलाशी करतो काय? माणसांशी बोलतो, सह्या करतो. मग खणांचे एवढे धूड कशाला? त्यांनी टेबल हलके केले, भिंतीला समांतर सरळ ठेवले, आणि कागदपत्रांसाठी पाठीमागे एक बुटके लांब कपाट दिले. आज जगभरच्या कचेऱ्यांतून हीच मांडणी दिसते, आणि ती कोणी तरी विचार करून काढली असेल असे आपल्या मनातही येत नाही.

सभेच्या टेबलाचेही तसेच. लांब आयताकृती टेबलाशी एका बाजूला बसलेल्यांना आपल्याच रांगेतली माणसे दिसत नाहीत. वाकून बघावे लागते. बाईंनी टेबल मध्ये रुंद आणि टोकांना निमुळते केले, होडीच्या आकाराचे. सर्वांना सर्वांचे तोंड दिसू लागले. (आमच्या शिक्षकांच्या बैठकीला असे टेबल असते तर मागे बसून पेपर तपासणाऱ्यांची पंचाईत झाली असती!)

युद्धकाळात मनाजोगते कापड मिळेना, तेव्हा पुरुषांच्या सुटाचे लोकरी कापड त्यांनी खुर्च्यांना वापरले. आराखड्याच्या कागदावरच कापडाचे, लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून त्या गिऱ्हाईकाला दाखवीत, म्हणजे खोली तयार होण्याआधीच तिचा रंग आणि पोत हाताला कळे. ईरो सारिनेन या एलिएलच्या मुलाकडे त्यांनी हट्ट धरला की, उशांनी भरलेल्या टोपलीसारखी, पाय वर घेऊन बसता येईल अशी खुर्ची मला हवी. त्यातून १९४८ ची ती प्रसिद्ध 'वूम चेअर' निघाली. स्वतः केलेल्या कपाट-टेबलांना मात्र त्या जेवणातल्या भात-भाकरीच्या पंक्तीला बसवीत. पोट भरणारे साधे काम, एवढेच.

१९५५ मध्ये हॅन्स मोटार अपघातात वारले आणि कंपनीची सूत्रे बाईंच्या हाती आली. त्यांनी ती समर्थपणे चालविली. न्यूयॉर्कच्या सीबीएस कंपनीच्या उंच इमारतीचा अंतर्भाग हे त्यांचे शेवटचे मोठे काम. १९६५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आपल्याला कोणी 'डेकोरेटर' म्हटलेले त्यांना मुळीच खपत नसे. २०१९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता कोणी म्हणेल, ही श्रीमंत कंपन्यांची कामे, आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाशी यांचा काय संबंध? आक्षेप खरा आहे. त्यांचे फर्निचर आपल्या आवाक्यातले नाही, आणि त्यांच्या खोल्या मला थोड्या कोरड्याही वाटतात. परंतु जागा जितकी कमी तितकी आधीची चौकशी जास्त लागते. सात माणसांच्या दोन खोल्यांत अभ्यासाचा दिवा कुठे, आजीचा बिछाना कुठे, गादी-उशा दिवसा कुठे, हे प्रश्न साहेबाच्या टेबलापेक्षा अवघड आहेत.

पालकांच्या फीच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटीरिअर डिझायनरला असे बंधन नाही. त्यामुळे चांगल्या संस्थांच्या शेजारीच चार महिन्यांत प्रमाणपत्र हाती देणारे वर्गही निघाले आहेत. मुंबईचे सर जे. जे. कला महाविद्यालय आहे, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आहे. तंत्रनिकेतनांतून पदविका आहे, आय.टी.आय.मध्येही हा अभ्यासक्रम आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळेत असतानाच देऊन टाका, हात बसतो. प्रवेश घेण्यापूर्वी वडिलांनी मुलीबरोबर त्या संस्थेत जावे आणि जुन्या विद्यार्थ्यांची कामे पाहायला मागावीत. नुसती रंगीत चित्रे दाखविली तर सावध व्हावे. मोजमापाचे नकाशे, विजेच्या जोडण्यांचे आराखडे, सुताराला देण्याचे तपशील, खर्चाचा अंदाज, हे दाखविले तर पुढचे बोलणे करावे. आणि एक विचारावे: विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष माणसांच्या घरी, दुकानात, दवाखान्यात पाठवून त्यांची गरज विचारून यायला सांगता का?

 ज्यांना अर्जाबाबत विचारायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे.