पेशवे पार्कातला वाघ आणि जपानमधल्या थांबलेल्या लिफ्ट

आज पुन्हा खडकीतून, माझ्या खोलीतूनच बोलतोय. मध्येच मागून धडधड ऐकू आली तर समजून घ्या, लोणावळा लोकलची वेळ झालीय.

मागच्या आठवड्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून यूट्यूब स्क्रोल करत होतो, तर जपानमधल्या एका बंद पडलेल्या स्की मैदानाचा व्हिडिओ समोर आला. छोटीशी टेकडी. तारेवर लोंबणाऱ्या लिफ्टच्या खुर्च्या तशाच, आणि खाली बर्फाऐवजी कमरेएवढं गवत. बस्स, एवढंच. पण मी तो दोनदा बघितला.

मग थोडं वाचत गेलो. जपानमध्ये स्कीइंग नीट शिकवायला सुरुवात झाली ती जानेवारी १९११ मध्ये. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला थिओडोर फॉन लेर्ख नावाचा अधिकारी निइगाता भागातल्या ताकादा गावी आला आणि त्यानं जपानी सैनिकांना स्की शिकवलं. पुढे १९७२ ला साप्पोरोत हिवाळी ऑलिंपिक झालं. ऐंशीच्या दशकात लोकांच्या हातात पैसा खुळखुळायला लागला आणि सगळा देश डोंगराकडे पळत सुटला. गावोगावी स्की मैदानं उभी राहिली. काही तर इतकी छोटी, की एक-दोन लिफ्ट आणि एक चहा-नाश्त्याची टपरी, संपलं! नव्वदीच्या सुरुवातीला हा फुगा फुटला. पैसा आटला, पोरं कमी जन्माला यायला लागली, सखल भागात बर्फही बेभरवशाचा झाला. मग एकेक लिफ्ट थांबत गेली.

आता तुम्ही म्हणाल, अरे, खडकीत बसून याला बर्फाचं काय पडलंय? खरंय, आपल्याकडे बर्फ नाही. पण गावानं पोरांसाठी बांधलेली आणि नंतर बंद झालेली जागा? ती आहे ना. पेशवे पार्क.

आता तिथं ऊर्जा उद्यान आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा लहान असाल तर हे माहीतही नसेल. सारसबागेला लागूनच पुणे महापालिकेचं प्राणिसंग्रहालय होतं. १९५३ साली सुरू झालेलं. ८ एप्रिल १९५६ ला तिथं छोटी रेल्वे सुरू झाली, फुलराणी. पुण्यातल्या तीन पिढ्यांना विचारा, प्रत्येकाकडे फुलराणीची एक तरी गोष्ट निघेल.

माझी गोष्ट सांगतो. आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. रिटायर झाल्यावर रविवारी मला न्यायचे. खडकी बाजारातून पीएमटीची बस, पुढे थोडं चालणं. आधी फुलराणी, मग प्राणी, शेवटी सारसबागेबाहेर भेळ. हा क्रम कधी चुकला नाही.

आणि मला सगळ्यात आवडायचा वाघ, कारण तो अगदी जवळ दिसायचा. गजांपलीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळला की पुन्हा तेच. मला वाटायचं, आपल्यासाठीच चक्कर मारतोय. एकदा विचारलं, "आजोबा, हा सारखा असा का फिरतो?" आजोबा म्हणाले, "त्याला जायला दुसरी जागा नाही रे बाळा." मला तेव्हा काही कळलं नाही. भेळेकडे लक्ष होतं.

२००५ मध्ये ते प्राणिसंग्रहालय बंद झालं. मी आठ वर्षांचा होतो. खूप रडलो होतो म्हणे.

आता इथं जपानची आणि आपली गोष्ट वेगळी होते. तिकडे लोक यायचे थांबले म्हणून लिफ्ट थांबल्या. पेशवे पार्कात तर शेवटपर्यंत गर्दी होती! ते बंद झालं ते प्राण्यांसाठी. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, प्राण्याला किती आणि कशी जागा हवी याचे नियम आले. शहराच्या मधोमध, टेकडीच्या पायथ्याशी अडकलेल्या पार्काला ती जागा कुठून मिळणार? कात्रजला आधीच १९८६ पासून सर्पोद्यान होतं. त्याच परिसरात १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलवले. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर जुना सर्व्हर बंद करायच्या आधी सगळं नीट मायग्रेट केलं.

गेल्या दिवाळीत भाच्याला घेऊन कात्रजला गेलो. वाघाच्या खंदकापाशी दहा मिनिटं उभे. वाघ काही दिसेना. भाचा वैतागला, "मामा, इथं वाघच नाहीये!" मग एका झाडामागे शेपटी हलली. बस, तेवढंच दर्शन.

आणि त्या क्षणी मला आजोबांचं वाक्य कळलं, वीस वर्षांनी. याला लपायला जागा आहे. माझ्या लहानपणीच्या वाघाला नव्हती, म्हणून तो मला इतका छान दिसायचा. माझी सगळ्यात लाडकी आठवण त्याच्या अडचणीवर उभी होती.

म्हणून मी आता "जुनं पुणं राहिलं नाही" असं सरसकट म्हणत नाही. काही जागा बंद पडतात आणि वाईट वाटतं. काही जागा बंद कराव्याच लागतात, आणि तरीही वाईट वाटतंच. दोन्ही खरं असू शकतं. फुलराणी राहिली, पिंजरे गेले. माझ्या मते हिशोब बरोबर आहे.

फक्त एक गोष्ट मायग्रेट झाली नाही. त्या रविवारांचा आमच्याकडे एकच फोटो आहे. आजोबा फुलराणीच्या डब्याशेजारी उभे, मी अर्धा कापला गेलोय. वाघाचा एकही नाही. आजोबांचा आवाज तर कुठंच नाही.

तर आजचा होमवर्क. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर हा एपिसोड संपल्यावर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि एकच विचारा, "तुम्ही लहानपणी रविवारी कुठं जायचात?" पाच मिनिटं पुरे. ती जागा कदाचित आज नसेल. सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.

चला, लोकल आलीच. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!