शिस्त, संस्कृती आणि कामगाराचा हक्क

(पिंपळे सौदागर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पवनाकाठचे पिंपळे सौदागर हे एके काळी शेतीचे गाव होते. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या मोटार कारखान्यांत काम करणारी कुटुंबे त्यांत राहतात. त्यांतील काही अभियंते कंपनीच्या कामासाठी दोन-तीन वर्षे जर्मनीत राहून येतात आणि परतल्यावर तेथील नवलाई सांगतात. रविवारी दुकाने बंद असतात. कामाची वेळ संपली की साहेबही घरी जातो. हक्काची रजा मागताना कोणी ओशाळत नाही. निष्कर्षही ठरलेला असतो : ‘त्यांची संस्कृतीच वेगळी. शिस्त त्यांच्या रक्तात आहे. आपल्याकडे हे व्हायचे नाही!’

निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र तपासून घ्यावयास हवा.

जर्मनीतील रविवारची विश्रांती केवळ सवयीवर उभी नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने तिला संरक्षण दिले आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते कलम कायम ठेवले. रजेसाठी १९६३ चा कायदा आहे. त्यानुसार आज किमान चार आठवड्यांची पगारी रजा द्यावीच लागते. कामाचा आठवडा पस्तीस तासांचा व्हावा म्हणून तेथील धातुकामगारांनी १९८४ साली कित्येक आठवडे संप केला आणि १९९५ साली पश्चिम जर्मनीच्या धातुउद्योगात ते पदरात पाडून घेतले. ज्याला आपण रक्तातील शिस्त म्हणतो, तिच्यामागे असा लढा असतो. पत्नीने नोकरी करावयाची ती संसारातील कर्तव्यांना बाध न येता, असे १९७७ पर्यंत पश्चिम जर्मनीचा कायदाच सांगत होता. तोही बदलला. रक्त तेच राहिले, कायदा बदलला.

आणि रविवारची सुटी ही काय केवळ परक्यांची मिरास आहे? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी केली. १८९० साली गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. हीही आपलीच संस्कृती आहे, याचा विसर पडू नये.

आता १९७६ हे एकच साल घेऊ. त्या वर्षी पश्चिम जर्मनीने कायदा केला : दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळातील निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना. समसमान मते पडली तर अध्यक्षाचे जादा मत बहुधा भांडवलाच्याच बाजूने पडते, हे खरे. तरीही कामगार त्या टेबलाशी बसला. त्याच वर्षी आपल्या राज्यघटनेत ४३-अ हे कलम आले आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे कर्तव्य ठरले. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. आज चाकणच्या पट्ट्यात कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी कामगार उभा असतो. त्याला उद्याच्या कामाचीही हमी नाही. मग टेबलाशी जागा कोठली?

म्हणून परदेशाहून परतलेल्या अभियंत्याला ‘साहेब’ म्हणून दूर लोटू नका. त्याने कामगाराचा मान डोळ्यांनी पाहिला आहे. तो कसा मिळाला, हे त्याला समजावून सांगा. मग एक प्रश्नही विचारा : जर्मनीतील रविवारचे कौतुक ज्या घरात चालते, त्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना रविवारची सुटी असते काय? आणि ती घेतली तर त्यांचा पगार कापला जातो काय?

या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत नाही. ते याच इमारतींच्या दाराशी, प्रत्येक मजल्यावर, द्यावयाचे आहे.