चित्राची नाममुद्रा



आपल्या शाळेच्या दिवंगत चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला आपण पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. रंगरेषांविषयी अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. या विषयाकडे मला वळवले ते याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने. ती चित्रकार आहे. आपली चित्रे ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते, कारण दालन भाड्याने घेऊन दरवर्षी प्रदर्शन भरवणे तिला परवडत नाही आणि तिची निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके परगावची आहेत. गेल्या वर्षी मांडवी दरवाजाचे तिचे चित्र एका व्यापाऱ्याच्या दिनदर्शिकेवर छापलेले तिला आढळले. खालच्या कोपऱ्यातली तिची सही तेवढी कापलेली होती. माझ्याकडे येऊन तिने विचारले, "सर, सगळीच चित्रे काढून टाकू का?"

नक्कल म्हणजे चोरी, असे सरसकट म्हणणे निदान बडोद्याच्या माणसाला शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली. ती १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. राजवाड्याच्या भिंतींवर ती कितीशा लोकांनी पाहिली असती? आपल्या संस्थानचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना आधीच सुचवले होते, की चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. पुढे १८९४ साली गिरगावात त्यांचा स्वतःचाच छापखाना निघाला. कालांतराने तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ज्यांनी आयुष्यात राजवाड्याची पायरी चढली नाही त्यांच्या देवघरात लक्ष्मी आणि सरस्वती येऊन बसल्या. येथे नक्कल झाली ती चित्रकाराच्या संमतीने. तिला चोरी न म्हणता प्रसारच म्हणावे लागेल.

परंतु या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले, छपाई मात्र थांबली नाही. त्याच छापखान्यातून धुरंधरांसारख्या अन्य चित्रकारांची चित्रेही निघाली. चित्राखालचे नाव छापखान्याचे की चित्रकाराचे, हे बाजारातल्या गिऱ्हाइकाला कोण समजावणार? जुन्या वळणाचे कोणतेही सुंदर चित्र रविवर्म्यांचे, असा समज रूढ झाला तो झालाच.

या समजाचा ठळक बळी म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात त्यांचे एक जलरंगचित्र आहे. दिव्याच्या ज्योतीला तळव्याचा आडोसा धरून एक स्त्री उभी आहे, आणि तिचा चेहरा बोटांआडून येणाऱ्या प्रकाशाने उजळला आहे. या चित्राची प्रत आपण प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिली असेल. चित्र १९४० च्या दशकातले, म्हणजे रविवर्म्यांना जाऊन सुमारे चार दशके लोटली होती. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, आणि त्यांच्यापुढे दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांचीच कन्या. १०२ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या त्या बाई २०१८ साली कोल्हापूरला वारल्या. इतका सगळा तपशील उपलब्ध असूनही असंख्य लोक हे चित्र आजही रविवर्म्यांचेच मानतात. रविवर्म्यांनी तर कोणाचे काही घेतले नव्हते! प्रतीवरून प्रत निघत गेली, आणि वाटेत हळदणकरांचे नाव गळून पडले. पैशाची भरपाई न्यायालयात मागता येते. लोकांच्या तोंडी बसलेले चुकीचे नाव कोणत्या न्यायालयाने पुसायचे?

आता कुलपांविषयी. संकेतस्थळावर माऊसची उजवी कळ निकामी करून ठेवतात. हे कुलूप केवळ सज्जनांसाठी आहे. पडद्यावर जे डोळ्याला दिसते ते यंत्राला टिपता येते. हातातला भ्रमणध्वनीदेखील पुरतो. त्यापेक्षा आकार लहान ठेवणे शहाणपणाचे. दर इंचाला ३०० ठिपके हे छपाईचे नेहमीचे माप धरले, तर हजार पिक्सेल रुंदीचे चित्र कागदावर सव्वातीन इंचांच्या फारसे पुढे जात नाही. पडद्यावर पाहायला ते पुरेसे असते, दिनदर्शिकेला अपुरे. रंगांचे बारकावे दिसावेत या हौसेने आमच्या विद्यार्थिनीने पूर्ण आकाराच्या प्रती ठेवल्या होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांपासून बचाव व्हावा म्हणून शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली 'ग्लेझ' नावाचे साधन काढले. ते चित्रात असे सूक्ष्म फेरफार करते, की माणसाला चित्र जवळपास तसेच दिसावे, पण यंत्राने त्यातली शैली शिकताना चकावे. त्यावर मात करण्याचे मार्गही अन्य संशोधकांनी लवकरच दाखवून दिले.

हे वाचताना मला महानुभाव पंथ आठवला. माझा व्यवसायच तो. आपल्या ग्रंथांना परक्याचा हात लागू नये म्हणून महानुभावांनी चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी योजल्या. कुलूप पक्के होते, त्यामुळे पोथ्या पुष्कळ अंशी निर्भेळ राहिल्या. पण 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके पारखा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कोठे दार किलकिले झाले. महानुभावांना वाचकांची गर्दी नकोच होती. ज्या चित्रकाराला चित्र विकून घर चालवायचे आहे त्याला हा मार्ग कसा परवडावा?

याच भूमीत दुसरी एक रीत होती, आणि ती वारकरी संतांची. अभंग तर मुखोमुखी चालत जाणारा. त्याला कुलूप कसले घालणार! संतांनी अखेरच्या चरणात आपले नाव गुंफले : 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी', 'चोखा म्हणे'. ही नाममुद्रा छंदाचा भाग असते. ती काढली की चरण लंगडा होतो, गाणाऱ्याची जीभ अडखळते. म्हणूनच नक्कल कितीही झाली तरी नाव सहसा गळत नाही. 'नामयाची दासी' ही मुद्रा नसती, तर एका दासीची रचना दासीच्याच नावावर राहिली असती का? मला शंका आहे.

मुद्रेची खोटी नक्कल होत नाही असे मात्र नाही. तुकोबांची मुद्रा लावून इतरांनी रचलेले अभंग निवडून बाजूला काढताना संपादक थकले. आजचे यंत्रही अमक्या चित्रकाराच्या शैलीत चित्र काढ म्हटले की काढून देते. चित्र त्याचे नव्हे, ओळख मात्र त्याची वापरली जाते. आणि नुसत्या शैलीवर कायदा हक्क देत नाही. तेव्हा मुद्रेसोबत अस्सल संहिताही हवी. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून ठेवला आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद दिली. चित्रकाराने आपल्या प्रत्येक चित्राची वर्ष, माप आणि माध्यम यांसह केलेली नोंदवही हे तेच काम होय.

कायदाही नावाची बूज राखतो. १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये हक्क विकला तरी कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कलावंताकडे उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने ६५-ब हे कलम आले : कलाकृतीसोबत जोडलेली कर्त्याच्या नावाची व हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना पुसणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. लेखी तक्रार केल्यास आंतरजालावरील साठवणदाराने एकवीस दिवस ती प्रत रोखून धरावी, अशीही तरतूद त्याच वर्षी झाली. हक्काची मुदत मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे असते. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या कलाकृतींवरील हक्क २०२८ अखेरपर्यंत जिवंत आहे.

चित्रे काढून टाकू नकोस, असे मी त्या मुलीला सांगितले. तिने संकेतस्थळ नव्याने मांडले. प्रती लहान केल्या. नाव आता कोपऱ्यात नाही. ते फिकट अक्षरांत चित्राच्या मुख्य विषयावरूनच जाते, कापायचे तर दरवाजाची कमान कापावी लागेल. काही रसिकांना ते खुपते. फाइलच्या पोटातही नाव, वर्ष आणि हक्काची नोंद आहे, जरी पुष्कळ समाजमाध्यमे चित्र चढवताना ती नोंद गाळून टाकतात. मोठी प्रत फक्त खरेदीदारालाच पाठवली जाते. दिनदर्शिकेचे म्हणाल, तर लेखी तक्रारीनंतर आंतरजालावरचे चित्र उतरले. छापलेल्या प्रती भिंतींवर राहिल्या. व्यापारी पैसे द्यायला तयार झाला. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत तिच्या नावासह खुलासा छापायला मात्र तो तयार नाही. जागा नाही म्हणतो! तिने पैसे घेतलेले नाहीत. प्रकरण अजून वकिलाकडे आहे.

आपल्या शाळेच्या जिन्यालगत पाच चित्रांच्या तसबिरी आहेत. त्यांतली दिवा धरलेली स्त्री विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी रविवर्म्यांची म्हणून पाहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी विनंती मान्य करून तिच्याखाली हळदणकरांच्या नावाची पट्टी कालच लावली. उरलेल्या चार चित्रांखाली काहीच लिहिलेले नाही. आपल्यापैकी ज्यांना त्यांचे चित्रकार ठाऊक असतील त्यांनी जाण्यापूर्वी ती नावे कार्यालयात लिहून द्यावीत.