दंड आणि ऋण

‘बीटल्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा अग्रणी जॉन लेनन हा स्वतः गीतें रचून स्वतःच गाणारा कलावंत. त्यानें एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका केवळ दुसऱ्यांच्या गीतांनीं भरावी, याचें नवल वाटतें. परंतु तिच्या मुळाशीं हौसेइतकाच कायद्याचा तगादाही होता.

१९६९ सालच्या त्याच्या एका गीतांतील ओळ अमेरिकन गायक चक बेरी याच्या जुन्या गीताशीं फार जुळते, असा दावा त्या गीताचे हक्क बाळगणाऱ्या मॉरिस लेव्ही या प्रकाशकानें केला. तडजोड मोठी चमत्कारिक ठरली: लेव्हीच्या मालकीचीं तीन गीतें लेनननें आपल्या पुढील ध्वनिमुद्रिकेंत गावयाचीं! गाणें हाच दंड.

ऑक्टोबर १९७३ मध्यें लॉस एंजल्स येथें फिल स्पेक्टर या निर्मात्याच्या हाताखालीं काम सुरू झालें. वादकांची दाटी, मद्याचा सुकाळ आणि शिस्तीचा दुष्काळ. पुढें स्पेक्टर ध्वनिफितींसह दिसेनासा झाला. त्या परत आल्या तेव्हां त्यांतलें थोडेंच उपयोगी पडलें. अखेर ऑक्टोबर १९७४ मध्यें लेनननें न्यूयॉर्कला स्वतःच्या देखरेखीखालीं उरलेलीं गीतें थोडक्या दिवसांत पुरीं केलीं.

आणि येथें दंडाचें रूप पालटतें. निवडलेलीं बहुतेक गीतें त्याच्या लिव्हरपूलमधील कुमारवयांतलीं होतीं. फॅट्स डॉमिनोचें १९५५ सालचें ‘एन्ट दॅट अ शेम’ त्याला आईनें बँजोवर शिकविलें होतें. ती माउली १९५८ मध्यें मोटारीखालीं सांपडून गेली. ‘बी-बॉप-अ-लूला’ हें जीन व्हिन्सेंटचें गीत तर ६ जुलै १९५७ रोजीं वूल्टनच्या चर्चच्या जत्रेंत त्यानें गाइलें होतें, आणि त्याच दिवशीं पॉल मॅकार्टनीशीं त्याची पहिली भेट झाली. सर्वच गीतें साधलीं आहेत असें नव्हे. स्पेक्टरच्या वाद्यकल्लोळांत कित्येक ठिकाणीं गळा गुदमरतो. परंतु बेन ई. किंगचें ‘स्टँड बाय मी’ ऐकावें! तेथें परकें गीत गाणारा माणूस उरतच नाहीं.

फेब्रुवारी १९७५ मध्यें ‘रॉक अँड रोल’ या नांवानें ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याला पुत्र झाला आणि जवळजवळ पांच वर्षें तो घरींच राहिला.

वेष्टनावर १९६१ सालचें हँबुर्ग येथील छायाचित्र आहे: तरुण लेनन दाराच्या चौकटीला टेकून उभा आहे, आणि समोरून तीन अस्पष्ट आकृती चालल्या आहेत. ते त्याचे त्या वेळचे साथीदार होत.