लेखणी थांबली तरी चालेल
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. आपल्या मुलांकडून पहिली अट आपण चोख पाळून घेतली. परीक्षेत तीन तास त्यांची लेखणी थांबत नाही. दुसरी अट मात्र राहून गेली.

आम्ही चौघे निवृत्त शिक्षक दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलांचा लेखनवर्ग घेतो. तो सुरू झाला आमच्याच एका विद्यार्थिनीमुळे. बारावीला उत्तम गुण मिळवून ती बाहेरगावी कॉलेजात गेली. पहिल्याच सत्रात दीड हजार शब्दांचा लेख लिहायचा होता. तिने चार पुस्तकांतले उतारे नीट जोडून दिले. लेख परत आला. वर शेरा होता, ‘यात तुमचे स्वतःचे काय?’ दिवाळीला घरी आली ती परत जायचे नाही म्हणतच. तिने चोरी केली असे तिला वाटलेच नव्हते. बारा वर्षे ज्यासाठी शाबासकी मिळाली, तेच तिने केले होते. आणि शाबासकी देणाऱ्यांत आम्हीही होतो.

शाळेत मुद्दे मोजून गुण मिळतात. प्रवेश परीक्षांत तर वाक्यही लिहावे लागत नाही. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी सुरू झाली, तीही पर्यायांवर खूण करण्याचीच. मग कॉलेजात अचानक विचारले जाते, तुमचे म्हणणे काय आणि ते कशावरून? हा ‘कशावरून’ मुलांना कुणी शिकवलेलाच नसतो.

आम्ही तो कसा शिकवतो, ते एका उदाहरणाने सांगतो. विषय दिला होता, ‘आपले स्वच्छ इंदूर’. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वेळा आपला पहिला क्रमांक आला, तेव्हा निबंध सगळे सारखेच, अभिमानाने ओथंबलेले. एका मुलाला आम्ही विचारले, शहर स्वच्छ का राहते, हे तू कशावरून सांगतोस? तो आठवडाभर सकाळी गल्लीत येणाऱ्या कचरागाडीजवळ वही घेऊन उभा राहिला. ओला आणि सुका कचरा एकत्र आणला की गाडीवरच्या ताई पिशवी परत करत; दुसऱ्या दिवशी तेच घर कचरा वेगळा करून आणी. त्याने लिहिले, ‘शहर स्वच्छ राहते ते परत केलेल्या पिशवीमुळे.’ वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे नाही कुणी परत करत.’ तो हिरमुसला, पण घरी जाऊन त्याने वाक्य बदलले, ‘निदान आमच्या गल्लीत तरी.’ आमच्या मते कॉलेजातले लेखन म्हणजे हेच. एक म्हणणे, त्याला पुरावा, आणि ते कुठवर खरे याची प्रामाणिक कबुली.

आमच्या चुकाही सांगायला हव्यात. सुरुवातीला आम्ही प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावली. तिसऱ्या रविवारी निम्मी मुले आली नाहीत. आता पहिल्या खर्ड्यात फक्त विचार पाहतो, शुद्धलेखन दुसऱ्यात. दुसरा खर्डा मात्र सक्तीचा.

भाषेचेही तसेच. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. इंग्रजीत अडलेल्या मुलाला आम्ही म्हणतो, आधी आजीला मराठीत समजावून सांग. आजीला पटले की लिही. बहुतेक वेळा अडचण इंग्रजीची नसतेच. सांगायचे काय, ते ठरलेले नसते.

आता तर मोबाइल दोन क्षणांत अख्खा निबंध लिहून देतो. आम्ही मोबाइलवर बंदी घातलेली नाही. त्या निबंधाबद्दल तीन प्रश्न विचारतो. ज्याने स्वतः लिहिले त्याला उत्तरे येतात. इतरांची मान आपोआप खाली जाते.

पालकांना विनंती एवढीच. आठवड्यातून एकदा मुलाचे एक पान वाचा. चुका काढू नका. ‘हे तुला कशावरून वाटले?’ एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लेखणीही थांबेल, थांबू द्या. अर्थ शोधताना थांबलेली लेखणी गणपतीलाही चालली होती.

ती मुलगी दिवाळीनंतर परत गेली. तोच लेख तिने तीनदा लिहिला. या सुट्टीत आमच्या वर्गावर येऊन तिने मुलांचे खर्डे तपासले. समासात तिने एकच शब्द लिहिला होता, ‘कशावरून?’

गणपती बाप्पा मोरया!