फुगवटा बघा, मग सुई उचला

पिंपळी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या आयाबायांना, आणि बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरापोरींनाही, आज माझं एकच सांगणं आहे. लघवी तुंबून लेकराचं मूत्रपिंड फुगलं की पाठीतून सुई घालून नळी बसवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९५५ साली अमेरिकेत गुडविन यांनी ही रीत मांडली. आता प्रश्न सुईचा. "एवढंसं लेकरू, डॉक्टर, बारीकातली बारीक सुई घ्या हो," असं आजी म्हणते. आजीचं ठीक आहे. पण शिकाऊ डॉक्टरही तेच म्हणाला, की माझा पारा चढतो.

मार्केट यार्डात पोतं शिवतात ते दाभणानं. का? सुतळी ओवायची असते म्हणून! शिवणाच्या सुईत सुतळी जाईल का? आमचंही तसंच. सुईच्या पोकळीतून तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची, मग तारेवरून नळी सरकवायची. १८ गेजची सुई सुमारे सव्वा मिलिमीटर जाड, तिच्यातून ०.९ मिलिमीटरची दमदार तार जाते. २१ गेजची सुई ०.८ मिलिमीटरची, तिच्यात बसते ती निम्म्या जाडीची तार. नळी सरकवताना ही तार वाकते. मग मध्ये आवरण घालून जाड तार बदलून घ्यावी लागते. बाळाचं मूत्रपिंड आधीच हलतं. या अदलाबदलीत तार निसटली, तोवर लघवीही गळून गेली, की रिकाम्या पोत्यात दाभण कुठं खुपसणार?

म्हणून सांगतो. सोनोग्राफीत पोतं टच्च भरलेलं दिसलं, तर माझी पसंती १८ गेजला; एकाच टोच्यात काम. फुगवटा जेमतेम असेल तर २१ किंवा २२. नेम चुकला तरी इजा कमी. बाळ किती लहान आहे ते नळी निवडताना बघा. तान्ह्याला पाच-सहा फ्रेंचची, म्हणजे फार तर दोन मिलिमीटरची नळी पुरते. सुई मात्र फुगवट्यावरून. आणि हो, कालची सोनोग्राफी चालणार नाही. टोचताना पडद्यावर सुईचं टोक दिसलं पाहिजे. रक्त गोठण्याची तपासणीही आधी...

वेळ संपत आलीय, आवरतो. आयांनो, मूत्रपिंड फुगलंय असं आधी सांगितलेल्या लेकराला थंडी वाजून ताप आला, तर "उद्या बघू" म्हणू नका. तुंबलेल्या लघवीत पू झाला तर हिशेब तासांचा असतो. नळी घरी कशी सांभाळायची, ते राहूनच गेलं. पण डॉक्टर पोरांनो, आधी फुगवटा बघा, मगच सुईचं पाकीट फोडा.